छातीतली गाठ : कर्करोग नसताना

जोयडा तालुक्यातून येणारा रुग्ण त्याच्या पिशवीवरून ओळखता येतो. पिशवीत एक्स-रे कारवारचा, रक्ताचे कागद दांडेलीचे, सीटी बेळगावचे आणि औषधांच्या चिठ्ठ्या गोव्याच्या किंवा हुबळीच्या. अणशी घाटातून खाली, अनमोडवरून पलीकडे, रामनगर-खानापूरवरून वर किंवा हल्याळमार्गे धारवाडकडे, असे चारही रस्ते या तालुक्याला दवाखान्यासाठी धरावे लागतात. प्रत्येक ठिकाणचा डॉक्टर आपल्यापुरते बघतो आणि सगळे एकत्र पाहायला कोणी नसतो. अशीच एक पिशवी घेऊन काही वर्षांपूर्वी कुंभारवाड्याच्या पलीकडच्या एका वाडीतला तरुण माझ्यासमोर बसला होता. रुग्ण त्याची वहिनी, वय पस्तिशीच्या आत. दोन महिने खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेले. सीटीच्या अहवालाची शेवटची ओळ त्याने बोटाने दाखवली. ‘मिडियास्टायनल लिम्फॅडेनोपॅथी, लिम्फोमाची शक्यता.’ तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, गाठ आहे म्हणतात. वहिनीला अजून सांगितलेलं नाही. दादा म्हशी विकायचं म्हणतोय.”

त्या ओळीचा अर्थ काय आणि काय नाही, हे मी त्याला सांगायला बसलो. आज तेच तुमच्यासमोर मांडतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असे एखादे पाकीट कपाटावर पडलेले असेल.

‘गाठ’ हा शब्द आपल्या भाषेत अलीकडे फार भीतिदायक झाला आहे. पूर्वी तो तसा नव्हता. पायाला काटा लागून पिकले की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, आणि पाय बरा झाला की अवधाण उतरते हेही. मानेतल्या गंडमाळा माहीत होत्या. दात किडला की जबड्याखाली सुजते, हेही कोणी नवलाचे मानत नसे. या सगळ्या एकाच जातीच्या गाठी. शरीरात अशा लसिकाग्रंथी ५०० ते ७०० असतात. त्या नव्याने उगवत नाहीत, जन्मापासून असतातच. शरीरातल्या पेशींभोवतीचा पाझर, म्हणजे लसिका, बारीक नळ्यांतून वाहत रक्तात परत जातो. वाटेत या ग्रंथी जकातनाक्यासारख्या बसलेल्या असतात. जंतू, धूळ, मेलेल्या पेशी तिथे अडवल्या जातात. काम वाढले की ग्रंथी फुगते.

छातीतही त्या आहेत. दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका आणि अन्ननलिका असते. त्या जागेला डॉक्टर मिडियास्टिनम म्हणतात. श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांना, ती जिथे दुभागते त्या खाली, आणि फुफ्फुसाच्या देठाशी या ग्रंथी चिकटून असतात. जांघेतले अवधाण हाताला लागते, छातीतले लागत नाही. म्हणूनच त्याला चित्र लागते, आणि चित्र वाचायला माणूस लागतो. घोळ होतो तो या दुसऱ्या ठिकाणी.

आनंदीबाई जोशींची आठवण इथे येते. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ च्या मार्चमध्ये जगासमोर ठेवला. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयाने पुण्यात गेल्या. वय बावीसही पुरे नव्हते. रोगाचे कारण सापडून पाच वर्षे झाली होती, पण जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याचे साधन नव्हते. राँटगेनला क्ष-किरण सापडले ते ८ नोव्हेंबर १८९५ ला. त्याच्या आधी वैद्य असो की डॉक्टर, छातीवर कान लावणे आणि बोटांनी ठोकून आवाज ऐकणे एवढेच हाती होते. खोल बसलेल्या ग्रंथीचा आवाज होत नाही.

एक्स-रेवर हवा काळी आणि हाड पांढरे दिसते. ग्रंथी, रक्तवाहिनी आणि हृदय या सगळ्यांची राखाडी छटा मात्र जवळजवळ एकच. त्यामुळे एक्स-रे वाचणारा ग्रंथी थेट पाहत नाही. तो हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या कडा ओळखीच्या रेषेत आहेत की कुठे फुगवटा आला आहे, एवढेच पाहतो. श्वासनलिकेच्या उजव्या काठाला एक पातळ रेघ असते, चार मिलिमीटरच्या आतली. ती जाड झाली की तिथली ग्रंथी वाढली असावी असा संशय घ्यायचा. लहान बाळात छातीच्या वरच्या भागात थायमस नावाची ग्रंथी मोठी असते. बोटीच्या शिडासारखी तिची सावली पाहून घाबरलेले आईबाप मी पाहिले आहेत. ती सावली निरोगी असते.

उमेदवारीच्या काळात मीही चुकलो. एका मुलीच्या फिल्मवर फुफ्फुसाच्या देठाशी फुगवटा दिसला आणि मी ‘ग्रंथी वाढलेल्या’ असे लिहून मोकळा झालो. ती फुफ्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी होती. हृदयाची झडप संधिवाताच्या तापाने आकसली होती आणि मागे दाब चढून ती वाहिनी रुंदावली होती. तीन महिने त्या मुलीला क्षयाची औषधे मिळाली आणि झडपेकडे कोणी पाहिले नाही. पुढे एका ज्येष्ठ डॉक्टरांनी छातीला नळी लावून हृदयाचा आवाज ऐकला, तेव्हा खरे काय ते कळले. तेव्हापासून देठाशी फुगवटा दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, ही ग्रंथी की वाहिनी?

या प्रश्नाचे उत्तर सीटी देते. पहिल्या रुग्णाचे सीटी लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ ला निघाले, तेही डोक्याचे. त्या यंत्रासाठी हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. सीटी शरीराच्या चकत्या दाखवते, काकडी आडवी कापून पाहावी तशा. शिरेतून आयोडीनयुक्त औषध दिले की रक्तवाहिन्या उजळतात आणि न उजळलेली ग्रंथी वेगळी उठून दिसते. म्हणून शक्य असेल तिथे छातीच्या ग्रंथींसाठीचे सीटी हे औषध देऊनच काढावे. त्याआधी मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी होते. मधुमेह असेल, किंवा पूर्वी अशा औषधाने अंगावर पित्त उठले असेल, तर ते आधी सांगावे. विचारण्याची वाट पाहू नये.

माप कसे घेतात? ग्रंथी लांबट असते, घेवड्याच्या बीसारखी. तिची रुंदी, म्हणजे कमी भरणारे माप, धरतात. दहा मिलिमीटरच्या आत असेल तर साधारणपणे ठीक. श्वासनलिकेच्या दुभाग्याखालच्या ग्रंथीला थोडी जास्त सूट दिली जाते. पण हे दहा मिलिमीटर म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. बारा मिलिमीटरची ग्रंथी निव्वळ जुन्या न्यूमोनियाची खूण असू शकते, आणि आठ मिलिमीटरच्या ग्रंथीतही रोग दडलेला असू शकतो. आकड्यावरून घाबरू नका, आकड्यावरून निर्धास्तही होऊ नका.

आपल्या भागात सगळ्यात आधी विचार करायचा तो क्षयाचा. श्वासातून आलेला जंतू फुफ्फुसात एक छोटा डाग करतो आणि तिथून जवळच्या ग्रंथीत जातो. डाग आणि ग्रंथी ही जोडी अँटन घोन यांनी १९१२ च्या पुस्तकात मुलांच्या शवविच्छेदनांवरून दाखवली. मुलांत बहुतेकदा फुफ्फुसापेक्षा ग्रंथीच मोठ्या दिसतात. त्या फुगून श्वासाची कोवळी नळी दाबतात आणि उजव्या फुफ्फुसाचा मधला भाग मिटतो. महिनोन्‌महिने ‘न्यूमोनिया परत परत होतो’ म्हणून उपचार चाललेली मुले यात सापडतात. औषध देऊन काढलेल्या सीटीवर क्षयाची ग्रंथी बऱ्याचदा अशी दिसते : कडा उजळलेली, मध्य काळा. मध्यभाग मेलेला असतो, तिथे रक्त जात नाही. जागा बहुधा श्वासनलिकेच्या उजव्या अंगाला किंवा दुभाग्याखाली. कधी शेजारच्या तीनचार ग्रंथी एकमेकींना चिकटून पुंजका होतो.

लिम्फोमाच्या ग्रंथी बहुधा एकसारख्या राखाडी असतात आणि छातीच्या पुढच्या भागात, उरोस्थीच्या मागे, जास्त आढळतात. उपचाराआधी त्यांत चुना क्वचितच साठतो. पण हे सगळे ‘बहुधा’ आहे. लिम्फोमाचाही मध्य कधी काळा पडतो आणि क्षयाची ग्रंथीही कधी सरसकट राखाडी दिसते. ‘शक्यता’ या शब्दाकडे म्हणूनच लक्ष द्या. अहवाल लिहिणारा तो शब्द विचार करून लिहितो, घरचे तो वाचतच नाहीत.

तिसरा आजार आपल्याकडे कमी ओळखला जातो : सार्कॉइड. नॉर्वेच्या सीझर बोक यांनी १८९९ मध्ये त्वचेवरच्या गाठींना हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सार्कोमा या कर्करोगासारख्या वाटल्या, पण होत्या निरुपद्रवी. या आजारात दोन्ही फुफ्फुसांच्या देठांशी सारख्याच आकाराच्या ग्रंथी वाढतात, जोडीला श्वासनलिकेच्या उजवीकडची. एक-दोन-तीन अशी ती मांडणी असते. चित्र आरशातल्यासारखे दोन्हीकडे सारखे दिसले, आणि रुग्ण त्या मानाने ठणठणीत असला, तर सार्कॉइडचा विचार करावा. हातावरची मॅनटू चाचणी इथे कोरी येण्याकडे कल असतो. क्षयात ती बहुधा उठते. ज्यांच्यात फक्त ग्रंथी वाढलेल्या आहेत आणि फुफ्फुस स्वच्छ आहे, अशा बहुसंख्यांचा हा आजार औषधावाचूनही ओसरतो.

धोका आहे तो या दोन रोगांच्या अदलाबदलीत. सार्कॉइडला गरज पडली तर स्टेरॉइड देतात. क्षय असताना क्षयाच्या औषधांवाचून नुसते स्टेरॉइड दिले तर आग भडकते. उलट सार्कॉइडला क्षय समजून वर्षभर गोळ्या देण्याचे प्रकारही आपल्या देशात बरेच झाले आहेत. त्यात यकृताला त्रास होतो आणि रोग होता तिथेच राहतो.

आणि चूल. याबद्दल मोठ्या शहरातल्या पुस्तकांत फार सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. बंद स्वयंपाकघरात तीसचाळीस वर्षे लाकडे जाळून रांधलेल्या बायकांच्या ग्रंथींत काजळी साठते. ग्रंथी काळ्या होतात, थोड्या फुगतात, काहींत चुना जमतो, आणि कधी शेजारची श्वासाची नळी आकसते. चित्रावर हे क्षयासारखे किंवा कर्करोगासारखे वाटू शकते. दुर्बीण आत गेली की नळीच्या भिंतीवरचे काळे ठिपके दिसतात. विडी न ओढलेल्या आजीच्या छातीत धुराचा आजार कसा, असे घरचे विचारतात. तिने विडी ओढली नाही, पण चूल ओढली, असेच म्हणावे लागते. ‘स्वयंपाक कशावर करता’ हा प्रश्न एक्स-रेच्या खोलीतच विचारायला हवा.

पुरुषांना विचारायचा प्रश्न दगडाचा. आपल्या जंगलात एके काळी मँगनीजच्या खाणी होत्या. काळी प्रकल्पासाठी सुपा धरण झाले, नागझरीच्या वीजगृहासाठी डोंगर पोखरून बोगदे काढले गेले. आज खडीच्या मशिनी आहेत. ज्याने कोरड्या दगडावर ड्रिल चालवले त्याच्या फुफ्फुसात सिलिकाची धूळ जाऊ शकते. अशा छातीत ग्रंथींच्या कडेने चुन्याचा पातळ थर बसतो, अंड्याच्या टरफलासारखा, आणि फुफ्फुसाच्या वरच्या भागात बारीक दाणे दिसतात. टरफल दिसले की मी विचारतो, ‘तरुणपणी कुठे कामाला होता?’ वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे काम लोक विसरलेले असतात, फिल्म विसरत नाही. अशा माणसाला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो, तेव्हा टरफल ओळखले म्हणून तपास थांबवायचा नाही.

कमकुवत हृदयामुळे फुफ्फुसात पाणी साचले तरी ग्रंथी वाढतात. पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांनी त्या आपोआप लहान होतात, एवढे लक्षात असू द्या.

आता परदेशी मुलांबद्दल. आपल्या कित्येक घरांतला एक मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते. अहवालाचा फोटो त्यांच्याकडे जातो आणि तिथला डॉक्टर मित्र मत देतो. त्यात वाईट काही नाही. पण ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी मातीत असते, पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेत वाढते, आणि छातीतल्या ग्रंथींत हुबेहूब क्षयासारखे चित्र उमटवते. तिथल्या डॉक्टरला चुना साठलेली ग्रंथी दिसली की तो बुरशी म्हणतो, आम्ही क्षय म्हणतो. आपापल्या ठिकाणी दोघेही बरोबर. फिल्म तीच असते, ज्या मातीत माणूस राहिला ती वेगळी. म्हणून मत मागताना फोटोबरोबर हेही लिहा की रुग्ण जोयड्यात राहतो, चुलीवर रांधते, घरात कोणाला क्षय झाला होता.

पेट स्कॅनबद्दल गैरसमज फार आहे. ‘पेटमध्ये उजळले म्हणजे कॅन्सर’ असे लोक ठामपणे सांगतात. पेटमध्ये किरणोत्सर्गी साखर देतात आणि जिथे पेशी जास्त साखर खातात ती जागा उजळते. कर्करोगाच्या पेशी खातात, तशाच क्षयाशी झुंजणाऱ्या पेशीही खातात, सार्कॉइडच्याही, काजळीने चिडलेल्या ग्रंथीच्याही. आपल्यासारख्या क्षयाच्या देशात केवळ उजळण्यावरून निदान करता येत नाही. सुई कोणत्या ग्रंथीत घालावी हे ठरवायला मात्र पेटचा उपयोग होतो.

शेवटी सुईच. १९५९ मध्ये स्वीडनच्या कार्लेन्स यांनी उरोस्थीच्या वर छोटा छेद देऊन ग्रंथीपर्यंत पोचण्याची रीत सांगितली. आता बहुतेक वेळा छेद लागत नाही. तोंडातून श्वासनलिकेत जाणाऱ्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली असते. नळीच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर दिसते आणि पाहत पाहत सुई घालता येते. या तपासाला ईबस म्हणतात. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत तो होतो आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही समजूत इथे सर्वांत जास्त नुकसान करते. या ग्रंथींच्या बाबतीत सुई न लावल्यानेच माणसे चुकीच्या औषधांवर वर्ष घालवतात. सुईतून आलेला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली जातो, आणि त्यातला एक भाग क्षयाच्या जनुकीय तपासणीला गेलाच पाहिजे. तो सगळा फॉर्मलिनमध्ये बुडवला तर जंतूची वाढ करून पाहण्याची संधी जाते, म्हणून आधीच विचारून ठेवावे. जनुकीय तपासणीचे ट्रूनॅट यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ते मान्य केले. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे लहान केंद्रांतही पोचते. मात्र रोग फक्त ग्रंथीत असेल तर थुंकीत जंतू बहुधा सापडत नाही. थुंकी कोरी आली म्हणजे क्षय नाही, असे धरू नये.

त्या वहिनींच्या सीटीवर दुभाग्याखालची ग्रंथी कडेने उजळ आणि मध्ये काळी होती. मी दिराला सांगितले, म्हशी विकू नका, आधी सुई लावून घ्या, आणि वहिनीला सगळे सांगा, तपासाला बसायचे तिला आहे. सुईत क्षय निघाला, औषधांना दाद देणारा. सरकारी कार्यक्रमातून फुकट औषधे सुरू झाली. (अशा रुग्णाला आता खुराकासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यावर मिळतात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ५०० होते.)

तिसऱ्या महिन्यात दीर पुन्हा आला. ताप परत आला होता, नव्या एक्स-रेवर ग्रंथी आधीपेक्षा मोठी होती. कोणीतरी म्हणाले होते, औषध लागू पडत नाही, बंद करा. हे टाळता आले असते. मी त्यांना आधीच सांगायला हवे होते की क्षयाच्या ग्रंथी उपचार चालू असताना काही रुग्णांत आधी फुगतात. मरणाऱ्या जंतूंवर शरीर नव्या जोराने तुटून पडते म्हणून. औषध हुकले आहे का, जंतू दाद देईनासा झाला आहे का, हे तपासून घ्यायचे आणि औषध चालू ठेवायचे. तिचे एकही दिवस हुकले नव्हते. सहा महिने पुरे झाले तेव्हाही एक सेंटिमीटरची ग्रंथी उरलीच होती. ती उरते. सुकलेल्या जखमेचा वण उरतो तशी, आणि पुढे तिच्यात चुना भरतो.

या सगळ्यावरून ‘गाठ म्हणजे काही नाही’ असे मात्र घरी जाऊन सांगू नका. तंबाखू ओढणारा पन्नाशीचा माणूस, एकाच बाजूच्या देठाशी ग्रंथी, थुंकीत रक्त. किंवा मानेत, काखेत, पोटातही गाठी आणि रात्री अंथरूण भिजवणारा घाम. किंवा चेहरा सुजून गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. यांनी आठवडाही दवडू नये. भीती खरी ठरली तरी लवकर कळलेला लिम्फोमा पुष्कळदा बरा होतो.

किरणांबद्दल नेहमी विचारतात. छातीच्या एका एक्स-रेचा मारा ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी, सीटीचा साधारण ६ ते ७. माती, खडक आणि आकाशातून प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतोच. म्हणजे गरजेचे सीटी टाळू नये आणि दर दोन महिन्यांनी हौसेने काढू नये. उपचार चालू असताना पाठपुरावा पुष्कळदा साध्या एक्स-रेवर भागतो.

आणि जुन्या फिल्मा टाकू नका. दहा वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तीच ग्रंथी त्याच मापाची दिसली, तर बहुतेक वेळा सुईही लागत नाही. आपल्याकडच्या पावसात फिल्मा एकमेकींना चिकटतात, त्यांवर बुरशी चढते. प्रत्येक फिल्ममध्ये कोरा कागद घालून त्या प्लास्टिकच्या पिशवीत आडव्या ठेवा, पाकिटावर तारीख आणि गाव घाला. हल्ली फिल्मऐवजी सीडी देतात, तीही त्यातच. कारवारची, बेळगावची, गोव्याची, सगळी एकाच पिशवीत, आणि दवाखान्यात जाताना ती सगळी पिशवी न्या.